प्रायमरीच्या तागडीत काय तोलले जाते?
ओबामा-क्लिंटन लढतीचे सारे दावे आता काळाच्या कसोटीवर तपासता येतात

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची खरी लढत नोव्हेंबरमध्ये होते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नोव्हेंबरमध्ये मतदारापुढे दोनच प्रमुख नावे उरलेली असतात. ती कोणती असावीत, याचा निर्णय त्याआधीच्या काही महिन्यांत पक्षांतर्गत प्राथमिक फेऱ्यांत, म्हणजेच प्रायमरी आणि कॉकसमध्ये झालेला असतो. येथे विरोधक परक्या पक्षाचा नसतो. उमेदवारांची विचारसरणी एक, मतदार एक आणि बहुतेक वेळा जाहीरनामेही थोड्याफार फरकाने एकच. मग मतदाराने एकाला वगळून दुसऱ्याला निवडायचे ते कशाच्या आधारावर?

या प्रश्नाचा अभ्यास करायचा तर २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात झालेल्या झुंजीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ३ जानेवारीला आयोवामध्ये सुरू झालेली ही लढत ३ जूनला माँटाना आणि साउथ डकोटा या राज्यांतील मतदानापर्यंत चालली. दोघेही सिनेटर, दोघेही मातब्बर आणि दोघांच्याही विजयाने इतिहास घडणार होता. एक पहिली महिला अध्यक्ष होऊ पाहत होती, तर दुसरा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्या पाच महिन्यांत दोन्ही गोटांनी स्वतःविषयी आणि प्रतिस्पर्ध्याविषयी अनेक ठाम दावे केले. पुढे ओबामा आठ वर्षे अध्यक्ष होते, क्लिंटन चार वर्षे परराष्ट्रमंत्री होत्या आणि २०१६ मध्ये त्या पक्षाच्या उमेदवारही झाल्या. त्यामुळे त्या वेळचे दावे कितपत खरे ठरले, हे आता पडताळून पाहता येते. या पडताळणीचे सार थोडक्यात असे : ज्या मुद्द्यांवर सर्वाधिक वादविवाद झाला, ते सर्वांत कमी टिकले आणि ज्याकडे फारसे कोणी पाहत नव्हते, त्याने उमेदवाराची खरी ओळख करून दिली.

नियम आधी, उमेदवार नंतर

उमेदवारांची तुलना करण्यापूर्वी ज्या तागडीत ते तोलले जातात, ती समजून घ्यायला हवी. १९६८ मध्ये उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता पक्षनेत्यांच्या बळावर डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. व्हिएतनाम युद्धामुळे खदखदणाऱ्या असंतोषाचा त्या वर्षी शिकागोच्या अधिवेशनाबाहेर भडका उडाला. त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला आणि १९७२ पासून उमेदवारी ठरविण्याचा अधिकार मुख्यतः सामान्य मतदारांकडे आला. मात्र पक्षनेत्यांच्या हातून सूत्रे पूर्णपणे निसटू नयेत, म्हणून १९८४ पासून खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी यांना 'सुपरडेलिगेट' म्हणून मताधिकार देण्यात आला. २००८ मध्ये त्यांची संख्या सुमारे आठशे, म्हणजे एकूण प्रतिनिधींच्या साधारण एक पंचमांश होती.

बाकीचे प्रतिनिधी राज्याराज्यांतील मतांच्या प्रमाणात वाटले जातात. किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या प्रत्येकाला त्याचा वाटा मिळतो. रिपब्लिकन पक्षात मात्र अनेक राज्यांत पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला सर्व प्रतिनिधी देण्याची पद्धत होती. हा फरक वाटतो तितका तांत्रिक नाही. २००८ मध्येच जॉन मॅकेन यांनी फ्लोरिडात ३६ टक्के मतांवर त्या राज्याचे सर्व ५७ प्रतिनिधी खिशात घातले आणि ४ मार्चला त्यांची उमेदवारी निश्चितही झाली. उलट हिलरी क्लिंटन यांनी कॅलिफोर्नियासारखे सर्वांत मोठे राज्य जिंकले, पण तेथील ३७० निर्वाचित प्रतिनिधींपैकी त्यांच्या वाट्याला २०४ आणि पराभूत ओबामांच्या वाट्याला १६६ आले. एवढ्या मोठ्या विजयाची निव्वळ कमाई ३८ प्रतिनिधींची! म्हणजे कोण जिंकले, या प्रश्नाचे उत्तर कोणते नियम लावले, यावर बऱ्याच अंशी अवलंबून होते.

अनुभव विरुद्ध विवेक

क्लिंटन यांचा मुख्य दावा अनुभवाचा होता. आठ वर्षे अध्यक्षांच्या पत्नी म्हणून व्हाइट हाऊसमध्ये वास्तव्य, २००१ पासून न्यूयॉर्कच्या सिनेटर, संरक्षणविषयक समितीच्या सदस्य अशी त्यांची भक्कम शिदोरी होती. ओबामा सिनेटमध्ये आले ते जानेवारी २००५ मध्ये. त्याआधी ते इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात होते. २००४ च्या बोस्टन अधिवेशनातील एका भाषणाने ते देशाला माहीत झाले. पहाटे तीन वाजता व्हाइट हाऊसमधला फोन वाजला तर तो कोणी उचलावा, असा प्रश्न विचारणारी क्लिंटन यांची दूरचित्रवाणीवरील जाहिरात याच दाव्याचा अर्क होती.

ओबामांचे उत्तर एका शब्दात सामावले होते : इराक. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी अध्यक्ष बुश यांना लष्करी कारवाईचा अधिकार दिला. बाजूने मत देणाऱ्यांत हिलरी क्लिंटन होत्या. त्याच महिन्यात शिकागोतील एका सभेत ओबामा यांनी या युद्धाला जाहीर विरोध केला होता. अनुभव असूनही निर्णय चुकत असेल तर त्या अनुभवाचे मोल काय, असा हा बिनतोड सवाल होता. तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांनीही युद्धाच्या बाजूने मत दिले होते. पण २००५ मध्ये त्यांनी ती चूक असल्याचे उघडपणे मान्य केले. क्लिंटन यांनी संपूर्ण प्रचारात तसे स्पष्टपणे म्हणण्याचे टाळले. ती कबुली त्यांनी दिली ती २०१४ मध्ये, 'हार्ड चॉइसेस' या पुस्तकात. सहा वर्षे आधी ती आली असती तर आयोवातील युद्धविरोधी मतदारांपुढे त्यांची बाजू इतकी लंगडी पडली नसती.

तथापि या मुद्द्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ओबामांनी विरोध केला तेव्हा त्यांच्यावर मत देण्याची जबाबदारी नव्हती. सिनेटमध्ये आल्यानंतर पहिली दोन वर्षे त्यांनी युद्धखर्चाच्या विधेयकांना पाठिंबाच दिला. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी बुश यांचेच संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांना कायम ठेवले, युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्या जो बायडेन यांना उपाध्यक्ष आणि खुद्द क्लिंटन यांना परराष्ट्रमंत्री केले. इराकमधून सैन्य डिसेंबर २०११ मध्ये परतले; पण डिसेंबर २००९ मध्ये याच अध्यक्षांनी अफगाणिस्तानात आणखी ३० हजार सैनिक धाडण्याचा निर्णय घेतला होता. म्हणजे २००२ च्या एका मतावरून ज्यांना युद्धविरोधी आणि युद्धसमर्थक अशा दोन टोकांना बसवले गेले, ते राज्यकारभारात बरेच जवळ उभे असलेले आढळले.

धोरणांतील फरक किती टिकले?

प्रचारात सर्वांत जास्त शाई खर्ची पडली ती आरोग्यविम्यावर. प्रत्येक नागरिकाला विमा घेणे कायद्याने बंधनकारक करावे, असे क्लिंटन यांचे म्हणणे होते. ओबामा ही सक्ती फक्त मुलांपुरती मर्यादित ठेवू इच्छित होते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर सक्ती कशी करणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. सक्तीशिवाय निरोगी माणसे विम्यापासून दूर राहतील आणि हप्ते वाढतील, असे क्लिंटन सांगत होत्या. निरनिराळ्या चर्चांमध्ये या एका मुद्द्यावर दोघांनी परस्परांची अक्षरशः उलटतपासणी घेतली.

पुढे काय झाले? २३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ज्या आरोग्यसेवा कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यात क्लिंटन मागत होत्या तीच सक्ती होती. हीच तरतूद घटनाबाह्य ठरवावी म्हणून विरोधक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये ती पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने वाचली. २०१७ च्या करविषयक कायद्याने तिचा दंड शून्यावर आणला, तो २०१९ पासून लागू झाला. ज्या फरकाच्या आधारे काही मतदारांनी दोघांपैकी एकाची निवड केली असेल, तो फरक निवडून आलेल्या उमेदवारानेच दोन वर्षांत पुसून टाकला.

परराष्ट्र धोरणातील गाजलेला वादही असाच. जुलै २००७ मधील चर्चेत इराण, सीरिया, व्हेनेझुएला, क्यूबा आणि उत्तर कोरिया यांच्या नेत्यांना पहिल्या वर्षात कोणत्याही पूर्वअटींशिवाय भेटाल का, असा प्रश्न आला. ओबामा यांनी होकार दिला. क्लिंटन यांनी ही भूमिका बेजबाबदार आणि भाबडी ठरवली. अध्यक्ष झाल्यावर पहिल्या वर्षात ओबामा यांपैकी कोणाकडेही त्या हेतूने गेले नाहीत. मात्र इराणशी ओमानमार्गे गुप्त संपर्काची सुरुवात झाली ती क्लिंटन परराष्ट्रमंत्री असतानाच. पुढे २०१५ मध्ये अणुकरार झाला आणि मार्च २०१६ मध्ये ओबामा क्यूबाला गेले. येथे नेमके उत्तर टिकले नाही, पण त्यामागची वृत्ती टिकली. वैऱ्याशी बोलण्यात कमीपणा नाही, ही ती वृत्ती. धोरणाच्या तपशिलापेक्षा उमेदवाराचा स्वभाव अधिक काळ टिकतो, याचा हा पुरावा मानता येईल.

आयडाहोचे बारा आणि न्यू जर्सीचे अकरा

मग निकाल लागला कशावर? त्याचे उत्तर ५ फेब्रुवारी २००८ च्या 'सुपर ट्यूसडे'त सापडते. त्या एका दिवशी बावीस राज्यांत डेमोक्रॅटिक मतदान होते. क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स ही बडी राज्ये घेतली आणि ठळक बातम्याही त्यांच्याच झाल्या. पण बेरीज वेगळेच सांगत होती. न्यू जर्सीत क्लिंटन यांना ५९ आणि ओबामांना ४८ प्रतिनिधी मिळाले. म्हणजे आघाडी अकरांची. नोव्हेंबरमध्ये ज्या राज्याकडे डेमोक्रॅटिक उमेदवार ढुंकूनही पाहत नाहीत, त्या चिमुकल्या आयडाहोत कॉकस होते. तेथील १८ पैकी १५ प्रतिनिधी ओबामांनी मिळवले. आघाडी बारांची! एका बड्या औद्योगिक राज्यातील विजयावर एका डोंगराळ राज्यातल्या बैठकींनी पाणी फिरवले.

हे योगायोगाने घडले नव्हते. कॉकसमध्ये मतपेटीत चिठ्ठी टाकून घरी जाता येत नाही. ठरलेल्या वेळी सभेला जाऊन तासन् तास थांबावे लागते. तेथे लोकप्रियतेपेक्षा कार्यकर्त्यांचे जाळे आणि उत्साह कामी येतो. वॉशिंग्टन राज्याने त्या वर्षी याचे जणू प्रात्यक्षिकच करून दाखवले. ९ फेब्रुवारीच्या कॉकसमध्ये ओबामांना तेथे दोन तृतीयांशांहून अधिक कौल मिळाला. दहाच दिवसांनी त्याच राज्यात झालेल्या, पण प्रतिनिधी ठरवण्यासाठी ग्राह्य नसलेल्या प्रायमरीत ही आघाडी जेमतेम पाच-सहा टक्क्यांवर आली. राज्य तेच, उमेदवार तेच. बदलली होती ती फक्त पद्धत.

ओबामांच्या व्यवस्थापकांनी ही पद्धत नीट अभ्यासली होती. क्लिंटन यांचा गोट मात्र सुपर ट्यूसडेलाच लढाई संपेल, या भरवशावर राहिला. पुढील राज्यांसाठी ना पुरेशी माणसे होती, ना पैसा. जानेवारीत ओबामांनी ३ कोटी २० लाख डॉलर गोळा केले. त्यात इंटरनेटवरून आलेल्या छोट्या देणग्यांचा वाटा मोठा होता. त्याच सुमारास क्लिंटन यांना स्वतःच्या प्रचाराला पदरचे ५० लाख डॉलर कर्जाऊ द्यावे लागले. फेब्रुवारीत ओबामा लागोपाठ अकरा लढती जिंकत गेले. त्यानंतर क्लिंटन यांनी ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया जिंकून विलक्षण चिवटपणा दाखवला. पण तोवर घोडे गंगेत न्हाले होते. टेक्सासमध्ये तर प्रायमरी जिंकूनही त्या मागे राहिल्या. त्याच रात्री झालेल्या कॉकसमुळे तेथे ओबामांना ९९ आणि त्यांना ९४ प्रतिनिधी मिळाले.

एवढ्या प्रदीर्घ लढतीनंतर निर्वाचित प्रतिनिधींतील अंतर उरले ते सव्वाशेच्या आसपास. हे अंतर बहुतांशी फेब्रुवारीत पडले आणि नंतर कधी भरून निघाले नाही. संघटन हा गुण भाषणात दिसत नाही, चर्चासत्रात विचारला जात नाही. पण सरकार चालवण्याशी त्याचाच संबंध सर्वांत जवळचा आहे. नियम आधी वाचणे, दूरचा विचार करणे आणि माणसे योग्य ठिकाणी नेमणे ही कामे अध्यक्षालाही करावीच लागतात.

कोण जिंकू शकेल?

प्राथमिक फेरीतील मतदार केवळ आवड पाहत नाही. नोव्हेंबरमध्ये आपल्यातला कोण टिकेल, याचाही तो अंदाज बांधतो. येथे क्लिंटन यांचा युक्तिवाद असा होता की ओहायो, पेनसिल्व्हेनियासारखी मोठी आणि दोलायमान राज्ये आपण जिंकली, गोरा श्रमिक मतदार आपल्यामागे आहे, तेव्हा मॅकेन यांना आपणच हरवू शकतो. वरकरणी हे पटण्यासारखे होते. आकडे खोटे नव्हते. निष्कर्ष चुकीचा होता. पक्षातील दुसऱ्या उमेदवाराला मत देणारा मतदार नोव्हेंबरमध्ये पक्षच सोडेल, असे त्यात गृहीत धरले होते. ४ नोव्हेंबर २००८ रोजी ओबामांनी ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया तर जिंकलीच, शिवाय १९६४ नंतर प्रथमच इंडियाना आणि व्हर्जिनिया ही राज्ये पक्षाला मिळवून दिली. त्यांना ३६५ आणि मॅकेन यांना १७३ निर्वाचक मते पडली.

या गृहीतकाचा दुसरा धडा २०१६ मध्ये मिळाला. तेव्हा अनुभवी आणि निवडून येण्यास सर्वांत योग्य म्हणून पक्षाने क्लिंटन यांना पसंती दिली. त्यांना देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा सुमारे २९ लाख मते अधिक मिळाली. तरीही मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये प्रत्येकी एक टक्क्याहूनही कमी फरकाने गमावून त्या हरल्या. विशेष म्हणजे यांपैकी मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये त्या वर्षीच्या प्रायमरीत बर्नी सँडर्स यांनी त्यांना हरवले होते. २००८ मध्ये पराभूत उमेदवाराच्या राज्यवार विजयांना नको तेवढे वजन देण्याचा मोह झाला होता. २०१६ मध्ये विजयी उमेदवाराच्या राज्यवार पराभवांना पुरेसे वजन मिळाले नाही. एकंदरीत जिंकण्याच्या क्षमतेचा अंदाज हे उमेदवार निवडीचे सर्वांत बेभरवशाचे माप ठरते. आपल्या शेजाऱ्याला कोण आवडेल, याचा तर्क करून मत देणारा मतदार स्वतःचे मतही गमावतो आणि शेजाऱ्याचेही ओळखू शकत नाही.

अडचणीच्या वेळचा माणूस

दोघांच्याही वाट्याला या काळात कसोटीचे प्रसंग आले. मार्चमध्ये ओबामांचे धर्मगुरू जेरेमाया राइट यांच्या प्रक्षोभक प्रवचनांच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर झळकल्या. उमेदवारी तेथेच आटोपली असती. सल्लागार अशा वेळी एखादे पत्रक काढून अंग झटकण्याचा मार्ग सुचवतात. ओबामांनी १८ मार्चला फिलाडेल्फियात वर्णभेदाच्या प्रश्नावर प्रदीर्घ भाषण केले आणि श्रोता समजून घेऊ शकतो, असे मानून त्याच्यापुढे संपूर्ण गुंतागुंत मांडली. मात्र एप्रिलमध्ये त्यांचाच तोल सुटला. छोट्या गावांतील कडवट झालेली माणसे बंदुकांना आणि धर्माला कवटाळतात, अशा आशयाचे त्यांचे सॅन फ्रान्सिस्कोतील देणगीदारांपुढचे उद्गार बाहेर आले आणि अहंमन्य असल्याचा ठपका त्यांच्यावर बसला.

क्लिंटन यांना बोस्नियाचे प्रकरण भोवले. १९९६ मध्ये तुझला विमानतळावर आपण गोळीबाराच्या छायेत उतरलो, असे त्या सांगत होत्या. त्या वेळच्या चित्रफितीत मात्र शांतपणे होणारे स्वागत दिसले. चूक झाल्याचे त्यांनी मान्य केले, पण अनुभव हेच ज्यांचे भांडवल, त्यांच्या अनुभवकथनालाच तडा गेल्याने नुकसान मोठे झाले. दुसरीकडे त्यांच्या जिद्दीला दाद द्यावी लागेल. आयोवात तिसऱ्या क्रमांकावर फेकल्या गेल्यानंतर पाचच दिवसांत त्यांनी सर्व अंदाज खोटे ठरवत न्यू हॅम्पशायर जिंकले. हरणार हे दिसत असूनही त्या शेवटच्या मतदानापर्यंत लढल्या आणि ७ जूनला माघार घेताना त्यांनी ओबामांना निःसंदिग्ध पाठिंबा दिला. सुमारे १ कोटी ८० लाख मते मिळवणाऱ्या उमेदवाराने असे करणे सोपे नसते.

प्रश्न न्याय्यतेचाही होता. मिशिगन आणि फ्लोरिडा यांनी वेळापत्रक मोडून आधीच मतदान घेतल्याने पक्षाने त्यांचे प्रतिनिधी रद्द केले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचे नावही नव्हते. मागे पडल्यावर क्लिंटन यांनी ही मते संपूर्ण मोजावीत, अशी मागणी केली. ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना अर्धे मत देण्याचा तोडगा काढला. आधी मान्य केलेले नियम निकाल विरुद्ध जाऊ लागल्यावर बदलून मागणे योग्य का, हा प्रश्न तेव्हा कळीचा होता आणि आजही आहे. सुपरडेलिगेटांनी मात्र मतदारांचा कौल उलटवला नाही. सुरुवातीला बहुसंख्येने क्लिंटन यांच्याकडे असलेले हे नेते हळूहळू निर्वाचित प्रतिनिधींच्या बेरजेमागे गेले. २०१८ मध्ये तर पक्षाने पहिल्या फेरीतील त्यांचा मताधिकार जवळजवळ काढूनच घेतला.

भारतीय नजरेतून

या लढतीत भारताचा उल्लेख आला, तो काहीसा अप्रिय कारणाने. जून २००७ मध्ये ओबामांच्या प्रचार कार्यालयाने क्लिंटन यांच्या भारतीय-अमेरिकन देणगीदारांशी असलेल्या संबंधांची खिल्ली उडवणारे टिपण पत्रकारांकडे पाठवले. त्यात त्यांना पंजाबच्या सिनेटर म्हटले होते. टीकेची झोड उठताच ओबामांनी ती चूक असल्याचे कबूल केले. पुण्या-मुंबईतील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात तेव्हा काळजी होती ती आउटसोर्सिंगविरोधी भाषेची. परदेशात रोजगार पाठवणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती काढून घेऊ, असे ओबामा सांगत होते. ऑगस्ट २०१० मध्ये व्हिसाशुल्क वाढवणाऱ्या कायद्यावर त्यांनी स्वाक्षरी केली, त्याची झळ भारतीय कंपन्यांना बसली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मुंबईत आले आणि २०१५ च्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणेही होते. परराष्ट्रमंत्री या नात्याने क्लिंटन त्याआधी जुलै २००९ मध्येच मुंबईला येऊन गेल्या होत्या. अमुक उमेदवार भारताचा मित्र आणि तमुक विरोधक, अशी वाटणी आपण प्रत्येक निवडणुकीत करतो. ती बहुधा निरर्थक ठरते, हेच येथेही दिसते.

मापे कोणती ठेवावीत?

प्राथमिक फेऱ्यांची पद्धत निर्दोष नाही. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात डोनाल्ड ट्रम्प यांनी ३२.५ टक्के मतांवर सर्व ५० प्रतिनिधी मिळवले. दोन तृतीयांश मतदारांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिले होते, पण ती मते अनेकांत विभागली गेली होती. उलट २००८ मध्ये आयोवात एक टक्काही कौल न मिळालेले जो बायडेन बारा वर्षांनी अध्यक्ष झाले. तागडी एका वर्षी हलके ठरवते, तो माणूस कायमचा हलका असतो असे नाही. २०२४ मध्ये तर बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतल्यावर कमला हॅरिस एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाल्या आणि पराभूत झाल्या. पराभवाची कारणे अनेक होती. तरी दीर्घ पक्षांतर्गत लढतीत उमेदवाराचे जे दोष वेळीच उघड होतात आणि जी धार येते, त्यांना पक्ष मुकला, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे उमेदवारी अजूनही पक्षश्रेष्ठींच्या दालनातच ठरते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने राहुल गांधी यांच्या पुढाकाराने मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडले. महाराष्ट्रातील वर्धा आणि लातूर त्यात होते. दोन्ही ठिकाणी पक्ष हरला आणि प्रयोग तेथेच थांबला. पण अमेरिकेतही ही पद्धत एका निवडणुकीत रुजलेली नाही. १९६८ च्या नाचक्कीनंतर अनेक दुरुस्त्या करीत ती आजच्या रूपाला आली आहे.

२०२८ मध्ये ट्रम्प यांना पुन्हा निवडून येण्यास २२ वी घटनादुरुस्ती आडवी येते. साहजिकच दोन्ही पक्षांत नव्या उमेदवारांची तुलना होईल. पुन्हा जाहीरनाम्यांतील कलमे ताडली जातील, सर्वेक्षणांचे आलेख रंगतील आणि कोण जिंकू शकेल यावर तासन् तास चर्चा झडतील. २००८ चा अनुभव सांगतो की ही सारी मापे पहिल्या एक-दोन वर्षांत झिजतात. उमेदवाराने आपली माणसे कशी निवडली, पैसा कोठे खर्च केला, चूक झाल्यावर ती किती लवकर मान्य केली आणि नियम विरुद्ध गेल्यावर तो कसा वागला, हे चार प्रश्न विचारणे अधिक उपयोगी आहे. या चारही प्रश्नांची उत्तरे त्यासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबण्याची गरज नसते. ती प्रचाराच्या रोजच्या कारभारातच मिळत असतात.